विद्यार्थी मध्यभागी, मग गुरुजी कोठे?



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकास मंडळाने या व्यासपीठावर पाचारण केले, हा आम्ही शिक्षकी पेशाचाच गौरव समजतो. आजचा विषय राजापेठेतील घराघरांत निघणारा आहे. मुलांनी कृतीतून व शोधातून शिकावे, शिक्षण बालककेंद्री असावे, असे २००९ सालचा शिक्षणहक्क कायदाच सांगतो. त्यावर पालक विचारतात, मुलेच आपापली शिकणार असतील, तर गुरुजींनी वर्गात करावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर धुंडाळण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांचा विवाह अमरावतीच्या एका वकिलाशी झाला होता, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे त्यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण त्यांना गुरे राखावयाची असत, धाकटी भावंडे सांभाळावयाची असत. तेव्हा या बायांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरांमागे कुरणातही नेली. १९७५ पासून देशभर निघालेल्या अंगणवाड्यांचे मूळ त्या अंगणात आहे. येथे विद्यार्थी मध्यभागी होता; परंतु शिक्षिकेचे काम हलके झाले काय? उलट ते दसपट वाढले!

आमच्या वर्गातील एक साधा अनुभव सांगतो. अपूर्णांक शिकवावयाचे होते. फळ्यावर नियम न लिहिता आम्ही प्रत्येक गटास एकेक संत्रे दिले आणि फोडी मोजावयास सांगितले. कोणाच्या दहा भरल्या, कोणाच्या अकरा. अकरा फोडींपैकी एक म्हणजे एक अकरांश, असे मुले आनंदाने म्हणू लागली. इतक्यात मागे बसणारी, एरवी अबोल असणारी एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, फोडी सारख्या कोठे आहेत? मग हा अकरावा भाग कसा?" भाग समान असले पाहिजेत, हे अपूर्णांकाचे मर्म तिने स्वतः हस्तगत केले. त्यानंतरच आम्ही कागदाच्या घड्या घालावयास लावून व्याख्या सांगितली.

या तासात आम्ही बोललो थोडे. पण संत्रे निवडणे, गट पाडणे, उत्तर ओठांशी आले असता ते आवरणे, कोण अडले आहे ते पाहणे आणि योग्य क्षणी नेमका शब्द देणे, ही सारी कामे शिक्षकाचीच होती. मुलांस मोकळे सोडून स्वतः खुर्चीवर स्वस्थ बसणे, याला बालककेंद्री शिक्षण म्हणता येत नाही. तसेच पाढे, शुद्धलेखन यांचा सरावही त्यातून सुटत नाही; समजल्यानंतर केलेला सराव मात्र अंगी मुरतो.

आता पालकांस दोन शब्द. वही कोरी दिसली की आपण तक्रार घेऊन शाळा गाठतो; भरलेली वही फळ्यावरून उतरवलेली आहे की समजून लिहिलेली आहे, हे मात्र पाहत नाही. शाळा सुटताच मूल शिकवणीस जाते, तेथेही ऐकतच राहते. मग त्याने विचार करावा केव्हा? जे मूल दहा वर्षे केवळ ऐकून घेते, ते पुढे नोकरीत, व्यापारात आणि लोकशाहीतही मुकाट ऐकूनच घेईल. आपल्या पूर्वजांनी पोटास चिमटा घेऊन मुलांस शाळेत धाडले, ते याकरिता खास नव्हे.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. गुणवंतांच्या सत्कारात टक्केवारी पाहून पारितोषिके अवश्य द्यावीत; परंतु एक पारितोषिक अशा विद्यार्थ्यास द्यावे, ज्याने एखादा प्रश्न स्वतः उभा करून त्याचा शोध घेतला. त्याची रक्कम अल्प असली तरी चालेल. त्या पारितोषिकाकरिता लागणारी पुस्तके देण्याचे आम्ही येथेच कबूल करतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. पण आता शंका विचाराव्यात, ही विनंती.