मधुमेह आणि आपले तळपाय
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



बाप्पांच्या मांडवात दुखण्याचा विषय काढतो आहोत, पण तो आपल्या घरोघरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. आणि आपण इंदूरकर तर पोह्यांबरोबर जिलेबी खाणारे!

आम्ही सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे उभे राहणारे लोक. तिथे नेहमी एक मागणी येते, "रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, दुखायची गोळी द्या." घरी याला उष्णता म्हणतात आणि काशाची वाटी निघते. वाटीने जरा बरे वाटते, पण साखर तपासायची राहून जाते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते. पायांचे तंतू सर्वांत लांब, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो.

या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट रोज घेतल्यास मूत्रपिंडाला धोका असतो. प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी निराळी औषधे आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवावीत, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मागू नयेत. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, ब-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. ते कमी झाले तरी मुंग्या येतात.

खरा धोका मात्र न दुखणाऱ्या पायाला आहे. आग थांबली की माणूस म्हणतो, बरा झालो. पण कित्येकदा पायाची जाणीवच गेलेली असते. चप्पल निसटली तरी कळत नाही, खडा टोचला तरी कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि शेवटी बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते.

म्हणून रोज रात्री तळपाय पाहा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या, नाहीतर नातवाला पाहायला सांगा. घरातही अनवाणी फिरू नका. देवळात तापलेल्या फरशीवर जाड मोजे घाला, देव रागावत नाही. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. कुरूप ब्लेडने कापू नका. पायात घालण्यापूर्वी जोडे झटका.

डॉक्टरांपुढे आपण फाइल उघडतो, मोजे काढत नाही. ते काढा. वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी मागून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून जाणीव पाहतात. काही मिनिटांचे काम, दुखत नाही.

अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या जरूर पाहा, पण नवे कोरे जोडे घालून नव्हे. आणि घरी आल्यावर झोपण्याआधी दिव्याखाली पाय पाहा.

गणपती बाप्पा मोरया!