सूर्य मंदावला की आरसा मळला?



तमिळनाडूत कुंभकोणमच्या बाजूला तिरुप्पनंदाळ नावाचं गाव आहे. त्याच टापूत, कावेरीच्या खोऱ्यात, सूर्यनार कोविल हे सूर्याचं देऊळ आहे. ते चोळांच्या काळातलं आणि नवग्रहांच्या नऊ देवळांपैकी एक. आपले तंजावरचे मराठी श्रोते तिथे जाऊनही आले असतील. सूर्याला हात जोडणं आपल्याला नवीन नाही. आज मात्र मी सूर्याला मोजण्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी पुण्यात तयार झालेल्या एका उपकरणाबद्दल.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे यान निघालं. ६ जानेवारी २०२४ला ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. यानावर सात उपकरणं आहेत. त्यातलं एक म्हणजे ‘सूट’, सूर्याची अतिनील प्रकाशातली छायाचित्रं घेणारी दुर्बीण. ती पुण्याच्या आयुकाने इस्रो आणि इतर संस्थांच्या साथीने बनवली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे या कामाचे प्रमुख.

अतिनीलच का? आणि त्यासाठी एवढ्या लांब का जायचं? २०० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या या लहरींपैकी बऱ्याचशा जमिनीवर पोचतच नाहीत, ओझोन त्यांना वरच अडवतो. म्हणून तर आपण सुखरूप आहोत. तो ओझोन तयार होतो तो याच किरणांमुळे, आणि मोडतोही याच किरणांमुळे. तेव्हा सूर्याकडून येणारी ही किरणं किती कमी-जास्त होतात, हे कळल्याशिवाय वरच्या हवेचा हिशेब लागत नाही.

आता खरी अडचण बघा. सूर्याचा एकूण प्रकाश त्याच्या ११ वर्षांच्या चक्रात साधारण ०.१ टक्का बदलतो. अतिनील भागात बदल जास्त असतो, पण तोही थोडाच. इतका बारीक फरक मोजायचा तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. आज आकडा कमी आला, तर सूर्य मंदावला की आपला आरसा मळला?

हा प्रश्न थट्टेचा नाही. २००३ साली अमेरिकेचा ‘सोर्स’ हा उपग्रह वर गेला. त्यावरच्या एका उपकरणाने २००४ ते २००७ या काळात अतिनील प्रकाशात मोठी घट नोंदवली. गणितातून अपेक्षित होती त्याच्या चार ते सहा पट! २०१० साली ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि हवामानाच्या गणितात फेरफार करावा लागेल की काय, अशी चर्चा सुरू झाली. पुढे इतर उपकरणांच्या नोंदी शेजारी ठेवून अभ्यासकांनी दाखवलं, की त्या घटीचा बराचसा भाग उपकरण उतरत गेल्यामुळे दिसत असावा. उपकरण म्हातारं होत होतं आणि आपण सूर्याचं वय मोजत होतो!

बाजारात तराजू उचलला की आपण आधी रिकामी पारडी बघतो. एक पारडं खाली असेल, तर दुकानदार दुसरीकडे खडा टाकतो. त्याला आपण पासंग म्हणतो. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्याचं निम्मं आयुष्य पासंग शोधण्यात जातं. आणि इथे तराजू १५ लाख किलोमीटरवर आहे. खडा टाकायला कुणी जाऊ शकत नाही. जे करायचं ते निघण्यापूर्वी करायचं, किंवा उपकरणाच्या आतच त्याची सोय ठेवायची.

‘सूट’मध्ये काय काय केलं आहे ते बघू. तोंडाशीच एक उष्णतारोधक फिल्टर आहे. तो येणाऱ्या प्रकाशाचा एक टक्कासुद्धा आत सोडत नाही. बाकीचा तिथूनच परत जातो, नाहीतर आतली भिंगं आणि आरसे तापून वाकतील आणि चित्र हलेल. मग आरसे, आणि त्यापुढे ११ वेगवेगळे फिल्टर. एकेक फिल्टर सूर्याच्या वातावरणाचा एकेक थर दाखवतो. मॅग्नेशियमच्या प्रकाशात एक थर दिसतो, कॅल्शियमच्या प्रकाशात दुसरा. शेवटी ४०९६ गुणिले ४०९६ चौकटींचा सीसीडी, म्हणजे जवळजवळ १ कोटी ६८ लाख छोट्या वाट्या. प्रकाशकण पडला की वाटीत इलेक्ट्रॉन जमतात. ते मोजले की आकडा मिळतो.

पण या वाट्या सगळ्या सारख्या नसतात. कुणी थोडं जास्त पकडते, कुणी कमी. काहींत अंधारातही उष्णतेने इलेक्ट्रॉन गोळा होतात, म्हणून सीसीडी शून्याच्या बराच खाली थंड ठेवतात. अंधारातलं चित्र घेऊन ते वजा करतात. आणि वाटीवाटीतला फरक कळावा म्हणून उपकरणाच्या आतच छोटे एलईडी दिवे बसवले आहेत. ते लावून पाहिलं की सीसीडीत काय बदललं ते कळतं. हाच तो पासंग.

सगळ्यात छुपा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. गोंद, रंग, प्लास्टिक यांतून बारीक वाफा सुटतात. त्या आरशावर बसतात, आणि अतिनील किरणं त्यांना तिथेच भाजून पक्क्या करतात. साध्या प्रकाशात आरसा लख्ख दिसतो, अतिनीलमध्ये तो काळवंडलेला असतो. म्हणून अशी दुर्बीण अतिशय स्वच्छ खोलीत जुळवतात. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार आधी तापवून तिच्यातल्या वाफा काढून टाकतात. तिथे काम करणाऱ्याने अत्तर लावून येणंसुद्धा चालत नाही.

एवढं सगळं झाल्यावर ६ डिसेंबर २०२३ला ‘सूट’ने सूर्याच्या पूर्ण बिंबाची पहिली चित्रं घेतली. वर्तमानपत्रांत ती रंगीत छापून आली. ते रंग आपल्या सोयीसाठी दिलेले असतात. खरी कमाई त्यामागच्या आकड्यांत आहे, आणि त्या आकड्यांबरोबर येणाऱ्या ‘एवढं इकडेतिकडे’ या दुसऱ्या आकड्यात.

तमिळनाडूतच कोडाईकनालला सौर वेधशाळा आहे. तिथे १९०४च्या सुमारापासून शंभरेक वर्षं कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्याची चित्रं घेतली गेली. काचेच्या त्या जुन्या पट्ट्या आज संगणकावर चढवून वापरल्या जातात. मधल्या काळात माणसं बदलली, पट्ट्यांची प्रत बदलली. त्यामुळे अभ्यासकांना आधी तो फरक काढावा लागतो आणि मगच सूर्याबद्दल बोलता येतं. ज्याने नोंद ठेवताना उपकरणाचीही नोंद ठेवली, त्याचं काम शंभर वर्षांनी उपयोगी पडतं.

उपकरण विकत घेता येतं, मग स्वतः का बनवायचं, असं मुलं मला विचारतात. माझं उत्तर असं, की ज्याने ते बनवलं त्याला ते कुठे खोटं बोलेल हे ठाऊक असतं. विकत घेणाऱ्याला आकडा मिळतो, त्यातली खोट सहसा कळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, याची सुरुवात घरी करता येते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका भांड्यात घ्या. पाच मिनिटांनी त्यात थर्मामीटर ठेवा. शून्य दाखवतो का? की अर्धा अंश वर? तो अर्धा अंश वहीत लिहा. मग उकळत्या पाण्यात बघा. पुण्यात असाल तर १०० येणार नाही, ९८च्या आसपास येईल, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तंजावरला १००च्या जवळ येईल. आता सांगा, यातला कुठला फरक पाण्याचा आणि कुठला थर्मामीटरचा? ज्याला हे वेगळं काढता आलं, तो मोजायला शिकला.