भंगारातला अनोळखी इन्सर्ट

मारतहळ्ळीतल्या गॅरेजमधून, माझ्या लेथशेजारून बोलतोय. भंगारवाल्याकडे कार्बाइड इन्सर्ट किलोवर मिळतात. डबा नसतो, नंबर पुसलेला असतो. घ्यायचा की नाही, ते ओळखूनच ठरवायचं.

आधी जोरदार चुंबक लावा. कार्बाइडमध्ये बहुधा कोबाल्ट असतो, म्हणून तो हलकासा ओढला जातो. सिरॅमिक ढिम्म हलत नाही, आणि हातालाही फार हलका लागतो. सोनेरी रंगावर जाऊ नका, तो नुसता वरचा थर.

मग आकार. सीएनएमजी १२०४०८ सगळ्यांच्या ओळखीचा: ८० अंशांचा शंकरपाळा, कड साधारण १२.९ मिमी, जाडी ४.७६, टोकाची त्रिज्या ०.८. गाडी अडते ती लांबट, बिनभोकाच्या तुकड्यापाशी. ५५ अंशांचा समांतरभुज चौकोन, कड १६ मिमी, तर तो बहुतेक केएनयूएक्स. भोक नाही म्हणजे स्क्रू नाही, वरून क्लॅम्प दाबतो. शिवाय फौजी बुटासारखा डावा-उजवा असतो! त्याचा होल्डर नसेल तर फुकटही घेऊ नका. दुसऱ्या होल्डरमध्ये 'जमवून' बसवलात तर खालचा आधार सुटतो आणि फुटलेला तुकडा डोळ्यावर येतो. चष्मा तर हवाच.

जाडजूड आयत, ३० मिमी लांब आणि १९ मिमी जाड, दिसला तर एलएनयूएक्स समजा. झिजलेली रेल्वेची चाकं पुन्हा कातणारा गडी तो. आपल्या छोट्या लेथला पेलणार नाही. फेकू मात्र नका. त्यात टंगस्टन आहे, भंगारवाला वजनावर परत घेतो.