अनुदान जाते कागदाकडे, मार बसतो भावाला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेचा शेतकरी सरकारी पैशावर तगतो, हे आपण ऐकत आलो. तो पैसा कसा वाटतात, कुणाला मिळतो आणि त्याचा आपल्या कापसाशी काय संबंध, एवढेच आज सांगतो.

टेक्सास राज्यात लबक शहराच्या दक्षिणेला डॉसन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. पाऊस वर्षाला 18-19 इंच, आपल्या बऱ्याच दुष्काळी तालुक्यांपेक्षा कमी. पीक मुख्यतः कापूस, सोबत ज्वारी, आणि बरीच जमीन कोरडवाहू. म्हणजे जातकुळी आपलीच.

पण तिथे 2002 च्या कायद्याने रुईला पौंडामागे 72.40 सेंट हा लक्ष्यभाव ठरला. बाजार पडला की फरकाची रक्कम सरकार देणार. शिवाय बाजार चढो की पडो, पौंडामागे 6.67 सेंट वेगळे. या दोन्ही रकमा यंदा काय पेरले यावर नव्हत्या. जमिनीच्या नावावर जुन्या काळी जो कापूस नोंदला होता, त्यावर होत्या. आपल्या भाषेत, पैसा पिकाला नाही, दप्तराला.

मग ज्याची जमीन मोठी, त्याचा चेक मोठा. तिथल्या एका संस्थेने सरकारकडून माहिती काढून नावानिशी याद्या जाहीर केल्या. पीकवार अनुदानाचा सुमारे तीन-चतुर्थांश पैसा वरच्या दहा टक्के लोकांना गेल्याचे दिसले. खंडाने कसणाऱ्याचे काय? अनुदान वाढले की मालक खंड वाढवतो.

आता आपल्याकडे या. 2001 च्या अखेरीस जगाच्या बाजारात रुई पौंडाला 40 सेंटच्या खाली आली. भाव पडला की पेरा कमी व्हावा, हा बाजाराचा नियम. पण अमेरिकेत तेव्हाही 52 सेंटच्या आसपास सरकारी आधार होता. त्याच साली तिथे तोवरचे विक्रमी पीक आले. जास्तीचा माल जगावर ओतला गेला आणि भाव आपल्यासारख्यांचा दबला.

ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. अमेरिकेच्या अनुदानांनी जगातले भाव दाबले, हा निवाडा 2004 ला झाला आणि 2005 च्या अपिलातही टिकला. शेवटी 2014 साली 30 कोटी डॉलर देऊन अमेरिकेने ब्राझीलशी मिटवले. विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याला छदाम नाही. 2014 ला कापसाची ती अनुदाने बंद झाली. पण 2018 ला रुईऐवजी सरकीसकट कापसाच्या नावाने आधार परत आला. आणि आपल्या सरकारने? 2025 च्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेर रुईवरचे 11 टक्के आयातशुल्कच माफ केले!

आपल्याला 2019 पासून वर्षाला 6,000 रुपये मिळतात. तेही सातबाऱ्यावर नाव असेल तर. बटईने कसणाऱ्याच्या आणि नवऱ्याच्या नावची जमीन कसणाऱ्या बाईच्या हाती काय?

म्हणून गावोगाव तीन गोष्टी मागा. अनुदानाची यादी चावडीवर वाचली जावी. पैसा कसणाऱ्याच्या हाती पडावा. आणि बाहेरचा अनुदानाचा माल बिनशुल्क आणून आमचा भाव पाडू नये. वर्षाचे 6,000 एका हाताने द्यायचे आणि भावाला भगदाड दुसऱ्या हाताने पाडायचे, याचा हिशेब आता आपणच मांडायचा आहे.