मोतीबिंदू काढला, तरी चेहरा का दिसत नाही?

(दवनीवाडा येथे नेत्रतपासणी शिबिराच्या आदल्या दिवशी स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण)



उद्या तुम्ही म्हाताऱ्या माणसांना हात धरून शिबिरात आणणार आहात. त्याआधी माझी एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गोंड आजींना मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेले. शस्त्रक्रिया चांगली झाली. महिन्याने भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, उजेड आला, पण समोरच्याचं तोंड दिसत नाही. मधात धूर दिसते." मी म्हटले, "वय झालं आजी, दिसेल हळूहळू," आणि पुढच्या घरी गेले. आजी अंगणात नीट चालत होत्या, पण तांदळातले खडे वेचणे त्यांनी सोडले होते. ते माझ्या लक्षातच आले नाही. सात-आठ महिन्यांनी पडद्याच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध वण पडला होता. वणाने गेलेली नजर परत येत नाही.

डोळ्यात पुढे भिंग असते आणि मागे पडदा. मोतीबिंदू हा भिंगाचा आजार, ते बदलता येते. पडदा बदलता येत नाही. पडद्याच्या मध्यभागी साधारण पाच मिलिमीटरचा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याची. म्हणून तो बिघडला तरी माणूस चालताना धडपडत नाही, आणि घरच्यांना वाटते, हिला तर दिसते.

उतारवयात पडद्याखालच्या थरात कचरा साचू लागतो. त्याचे पिवळसर ठिपके दिसतात, ते ड्रुसेन. पुढे काहींच्या पेशी हळूहळू झिजून वाळतात, तो कोरडा प्रकार. काहींच्या पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून पाणी व रक्त झिरपते, पडदा फुगतो आणि शेवटी वण पडतो. हा ओला प्रकार. तो कमी जणांना होतो, पण काही आठवड्यांतच नजर नेऊ शकतो.

हे बाहेरून दिसत नाही. पडद्याचा फोटो काढला तर ठिपके आणि रक्त दिसते. खालचे पाणी पाहायला ओसीटी तपासणी लागते. १९९१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ती जगापुढे मांडली. शेत बांधावरून पाहणे वेगळे आणि विहीर खणताना मातीचे थर पाहणे वेगळे, तसाच हा फरक आहे. यंत्र डोळ्यात प्रकाश सोडते आणि थराथरांवरून परतलेल्या किरणांवरून पडद्याचा उभा छेद काढते. सुई नाही, एक्स-रे नाही, काही मिनिटांचे काम. पाणी आहे का आणि औषधाने ते आटले का, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

ओल्या प्रकारात डोळा बधिर करून आत इंजेक्शन देतात, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला. लोक घाबरतात, किंवा एक घेऊन थांबतात. तेव्हा त्यांच्यासोबत जा. कोरड्या प्रकारात वाळलेल्या पेशी परत येत नाहीत. ठराविक जीवनसत्त्वे व जस्ताच्या गोळ्या मध्यम टप्प्यातल्या काही रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका कमी करतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायच्या. विडी मात्र सगळ्यांनीच सोडावी, तिने धोका वाढतो.

उद्या प्रत्येकाने गणिताची चौकटीची वही आणा. पानाच्या मधोमध ठळक ठिपका काढा. जवळचा चष्मा असेल तर तो लावून, एक डोळा झाकून, ठिपक्याकडे पाहायला सांगा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असतील तर चांगला डोळा आजारी डोळ्याचे झाकून नेतो. वहीची सवय नसेल त्यांना दाराची चौकट दाखवा. रेघ वाकडी दिसली किंवा मधला भाग गायब वाटला, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या नेत्रविभागात जा आणि ओसीटी कुठे होईल, ते विचारून घ्या.

बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने एकदा स्पर्श करून सोडून दिले नाही. काय दिसते, हे विचारले, आणि नीट दिसत नव्हते म्हणून पुन्हा हात ठेवले. मी आजींना विचारलेच नाही. त्यांनी आपणहून सांगितले, तरी मी ऐकले नाही.

त्यांचा दुसरा डोळा अजून चांगला आहे. दर आठवड्याला नात त्यांना वही दाखवते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही पुन्हा जा आणि विचारा, "आजी, माझा चेहरा दिसतो का?"