घरच्या भाषेतील शिकवण



शाळेच्या हीरक महोत्सवात ‘मुलांवर संस्कार कसे करावेत’ हा प्रश्न निघणे स्वाभाविकच आहे. उंबरठा ओलांडताच हिंदी सुरू होते, अशा शहपुऱ्यात तो अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. त्याचे एक उत्तर मराठी ख्रिस्ती परंपरेत सापडते. दूरदेशीचा धर्म मराठी घरात कसा रुजला, हे पाहिले म्हणजे कोणतीही श्रद्धा मनात कशी रुजते, हे उमगते.

इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. साष्टीतील देवळे त्यापूर्वीच, १५६७ मध्ये, पाडली गेली होती. नवख्रिस्ती लोकांची पुराणे सुटली, परंतु पुराण ऐकण्याची ओढ सुटली नाही. देऊळ पाडणाऱ्या सत्तेला जे ओळखता आले नाही, ते या धर्मगुरूने ओळखले. त्यांनी मराठी आत्मसात करून ख्रिस्तचरित्र ओवीत रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्या छंदात लोक पूर्वी भक्ती करीत होते, त्याच छंदात नवी कथा त्यांच्या कानी पडली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. राज्यकर्ते आणि धर्मगुरू एकाच धर्माचे असूनही त्यांच्या मार्गांत किती अंतर होते, ते यावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्याविषयी. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. जाताना बायबलातील नव्या कराराची प्रत तेवढी हाती ठेवली. त्याचे नावही टिळकांना ठाऊक झाले नाही; परंतु पुस्तक उघडले गेले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग रचले आणि कीर्तनाची मराठमोळी पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. टिळकांच्या धर्मांतराने त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. पतिपत्नींना काही काळ एकमेकांपासून दूर राहावे लागले. लक्ष्मीबाई पुन्हा संसारात आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे, त्यांची वेगळी चूल कायम होती. तापट स्वभावाच्या टिळकांनी या एका बाबतीत मात्र धीर धरला. पत्नीवर धर्म लादला नाही. परिवर्तन घडले ते रोजच्या जगण्यातून. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाला विचारला, उत्तरही स्वतःच शोधले आणि कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्यास आरंभ केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, ते पूर्ण केले याच लक्ष्मीबाईंनी. शिकवण मनापासून स्वीकारली गेल्याची याहून मोठी साक्ष कोणती?

या दोन्ही उदाहरणांतून तीन गोष्टी हाती येतात. शिकवण ऐकणाऱ्याच्या भाषेत असावी. ती व्यासपीठापेक्षा प्रवासात, स्वयंपाकघरात आणि पंगतीत अधिक मुरते. आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच पुढे मिळणाऱ्या होकाराला मोल येते. धर्म कोणताही असो, हा नियम बदलत नाही.

मराठीलाही हाच नियम लागू आहे. पाठांतराने ती परीक्षेपुरती टिकेल. परंतु जेवताना आजी जी गोष्ट सांगते, आई कामाच्या ओघात जी ओवी गुणगुणते, रागावतानाही वडील जी भाषा बोलतात, तीच मुलांच्या अंतःकरणात घर करते. शाळेने साठ वर्षे दिवा तेवत ठेवला आहे. त्यात तेल घालण्याचे काम मात्र प्रत्येक घराचे आहे. ते आज सायंकाळच्या जेवणापासून सुरू व्हावे, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.