नोकरी सोडण्यापूर्वी

पांढुर्णा आणि सौंसर हा कापसाचा व संत्र्यांचा मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. हा मराठी बोलणारा पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरची शेती, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतील काम, नागपूरची नोकरी, अशा वाटा येथील माणसापुढे असतात. आणि एक वाट सोडून दुसरी धरण्याचा प्रसंग पुष्कळांच्या आयुष्यात येतो.

समजा, कारखान्यात दहा वर्षे काम केलेल्या एका गृहस्थाने ठरविले की, नोकरी सोडावी आणि वडिलांच्या तीन एकरांत संत्र्याची बाग लावावी. विचार वाईट नाही. परंतु त्याच्या डोळ्यांपुढे उभी असते ती फळांनी लगडलेली बाग. कलम लावल्यापासून विकण्याजोगे फळ हाती येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. या पाच वर्षांत घरची चूल कशी पेटावी आणि मुलांची शाळा कशी चालावी, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने राजीनामा लिहिण्याची घाई करू नये.

अशा वेळी जाणत्या बागाईतदाराची रीत पाहण्यासारखी असते. तो प्रथम जमिनीला विचारतो. खड्डा खणून मातीची खोली पाहतो. पाण्याचा निचरा होतो की नाही, खाली चुनखडी तर नाही, याची खात्री करून घेतो. विहिरीचे पाणी तो श्रावणात मोजीत नाही, वैशाखात मोजतो. धंदा बदलणारानेही आपले बळ सुगीच्या दिवसांवरून न मोजता अडचणीच्या महिन्यावरून मोजावे.

दुसरे असे की, बाग लहान आहे तोवर तो झाडांच्या ओळींमधली जागा पडीत ठेवीत नाही. तेथे हरभरा किंवा भुईमूग घेतो आणि त्यावर घर चालवितो. नवे फळ येईपर्यंत जुन्या मिळकतीचा आधार तोडू नये, हाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट उद्दिष्टाची. ‘बागेवर श्रीमंत व्हावे’ ही इच्छा झाली. तिला उद्दिष्ट म्हणता येत नाही. या वर्षी मातीची तपासणी, पुढील वर्षी एकच एकर, म्हणजे सहा मीटरांच्या अंतराने सुमारे एकशेदहा कलमे, आणि त्यानंतरच्या वर्षी जगलेल्या झाडांची मोजदाद, हे उद्दिष्ट. ते गाठले की नाही, हे वर्षअखेरीस बांधावर उभे राहून सांगता येते. किती झाडे मेली तर पुढची लागवड थांबवायची, हेही आधीच ठरलेले असावे. म्हणजे माघार घेताना मान खाली घालावी लागत नाही.

आणि हा सर्व हिशेब घरात, पत्नीसमोर मांडावा. टंचाईचे पहिले चटके तिलाच बसतात. म्हणून तिचा होकार हा केवळ उपचार नव्हे.

शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्याचे बांधकाम पायापाशीच राहते आणि लोक त्याला हसतात. त्यात बुरूज बांधण्याची मनाई नाही. आधी बसावे आणि हिशेब करावा, एवढेच त्याचे सांगणे आहे.